भरती सांगितल्या वेळेला येते : बालगृहातल्या मुलांना समुद्रकाठी शिकवायचं तर

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका बालगृहातली चौदा मुलं घेऊन आम्ही कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी गेलो होतो. सकाळी पाणी ओसरलं होतं तेव्हा मुलांना तिथीवरून भरतीची वेळ काढायला शिकवलं, मग प्रत्येकाच्या हातात एकेक काठी दिली. "आज पाणी कुठपर्यंत चढेल आणि किती वाजता, ते ठरवा आणि तिथे काठी रोवा." बहुतेकांनी अंदाजाने रोवल्या आणि खेळायला पळाले. एक बारा वर्षांचा मुलगा मात्र वाळूवर वाकून काहीतरी शोधत राहिला. आदल्या भरतीने टाकलेल्या काटक्यांची आणि शेवाळाची रेघ त्याला सापडली. त्या रेघेच्या वीतभर खाली त्याने काठी ठोकली आणि म्हणाला, "दीडला."

द्वितीया होती. हिशोब बरोबर होता. साडेबारापासून तो काठीशेजारी उकिडवा बसला, जेवायला उठला नाही. आमची एक ताई त्याच्याजवळ गप्प बसून राहिली. एक वाजून चाळीस मिनिटांनी पाण्याची जीभ काठीला लागली आणि मागे गेली. "दहा मिनिटं उशीर," तो म्हणाला, आणि उठून सगळ्यांच्या पंगतीत येऊन बसला. तोवर तो आमच्यासोबत एकदाही जेवला नव्हता. "येतो हं" म्हणून गेलेली आणि न आलेली माणसं त्याच्या आयुष्यात बरीच होती.

तेव्हापासून हे काम कसं करायचं याचा आमचा सगळा विचार त्या काठीभोवती फिरतो. ज्यांना असं काही सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी आम्ही काय करतो, काय चुकलं आणि काय टाळतो ते क्रमाने लिहीत आहे.

कोणत्या मुलांसाठी, आणि समुद्रच का

बालगृहातली मुलं तर आहेतच. पण आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, वीटभट्टीवरची, होड्यांवर खलाशी म्हणून आलेल्या परप्रांतीय बापांची मुलंही आहेत. कोकणातल्या कुठल्याही बंदराजवळ ती दिसतात. शाळेच्या पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. त्यातली कित्येक मुलं समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाढतात आणि त्यांना पोहता येत नाही.

उघड्यावरच्या शिक्षणाचा हा मार्ग नवा नाही. १९४१ साली वेल्समधल्या अॅबरडोव्ही या किनारी गावात जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या साथीने 'आउटवर्ड बाउंड'ची पहिली शाळा सुरू केली. युद्धात जहाज बुडालं की अंगाने धडधाकट असलेले तरुण खलाशीच आधी हाय खातात, जुने मुरलेले खलाशी तग धरतात, असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. समुद्र, डोंगर आणि प्रत्यक्ष जबाबदारीची कामं यांतून तो धीर तरुणांच्या अंगी आणायचा, हा त्या शाळेचा हेतू होता.

आमच्या मुलांच्या बाबतीत मला आणखी एक कारण दिसतं. शाळेत चुकलं की कोणीतरी ओरडतं. समुद्रावर हिशोब चुकला तर पाय भिजतात, एवढंच. त्यात कोणाचा राग नसतो, अपमान नसतो. पुन्हा मोजता येतं.

आधी कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केलीत तर पुढचं काही करू नका.

बालगृहातली मुलं बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या संरक्षणाखाली असतात. त्यांना संस्थेबाहेर न्यायचं तर अधीक्षकांमार्फत बालकल्याण समितीची लेखी परवानगी घ्या आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दिवस, जागा, सोबतच्या प्रौढांची नावं कळवा. अर्ज किमान महिनाभर आधी द्यावा. कुटुंबासोबत राहणाऱ्या मुलांच्या आईवडिलांकडून संमती घेताना नुसती सही घेऊ नका. घरी जा, बसा, कुठे जाणार आणि कधी परत येणार ते त्यांच्या भाषेत सांगा.

फोटोंबाबत कायदा स्पष्ट आहे. याच अधिनियमाच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आमच्या शिबिरात स्वयंसेवकांचे फोन सकाळी एका डब्यात जातात. एक फोन सुरू राहतो, तो प्रमुखाकडे, तातडीच्या कामासाठी. देणगीदार फोटो मागतात. त्यांना आम्ही मुलांनी काढलेली खेकड्यांची चित्रं पाठवतो.

स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्या. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलासोबत आडोशाला एकटा राहणार नाही, हा नियम सगळ्यांना, अगदी संस्थेच्या जुन्या माणसांनाही लागू करा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांना पाठ असावा. तो त्यांना तुमच्याविरुद्धही वापरता येतो, हे त्यांना पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगा. आम्ही सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "खरंच?" त्या एका शब्दात बरंच काही होतं.

जागा : तीनदा पाहिल्याशिवाय ठरवू नका

सुरुवातीला मोकळी पुळण टाळा. तिथे लाटेत उतरण्याशिवाय मुलांना करण्यासारखं काही नसतं, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. कातळाचा किनारा आणि शेजारी लहान खाडी, असं ठिकाण शोधा. ओहोटीला कातळाच्या खळग्यांत पाणी साचून राहतं आणि त्यात अख्खी वस्ती असते : कालवं, शंख, शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, क्वचित एखादा तारामासा. खाडीच्या चिखलात निवट्या नावाचे छोटे मासे उड्या मारतात, तिवरांच्या म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या टोकदार मुळ्या वर आलेल्या असतात.

मुंबईतल्या मंडळींना लांब जायची गरज नाही. हाजीअली, गिरगाव, जुहू, कार्टर रोड इथल्या कातळांवर किती जीव आहेत हे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना सोबत नेऊन दाखवत आला आहे. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. ज्यांना अजून पाण्याची धास्ती वाटते अशा मुलांसाठी ते पहिलं पाऊल म्हणून चांगलं.

जागा मनात भरली की ती ओहोटीला, भरतीला आणि संध्याकाळी अशी तीनदा पाहा. पाणी कोणत्या वाटेने आत शिरतं? परतीची वाट कापली जाते का? फोनला रेंज कुठे येते? जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे? आणि गावातल्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, गाठा. त्याला मानधन द्या, नुसतं आभार मानून भागवू नका. आमच्या सोबतचे तांडेल काका पहिल्या दिवशी मुलांना एकच वाक्य सांगतात : "दर्याक पाठ करू नकोस रे." समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. मुलं ते एकमेकांना वर्षभर ऐकवत राहतात.

तिथीचं गणित

कोळीवाड्यात हा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीनला आणि दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वानऊच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, ते या पाऊणपटीत बसतं. हिशोब स्थूल आहे, जागेनुसार अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून बंदराचं छापील किंवा ऑनलाइन भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच दिवस पक्का करा. पण मुलांना आधी तिथीच शिकवा. ती त्यांच्या बोटांवर मावते. कॅलेंडर भिंतीवर असलं की कोणाला विचारावं लागत नाही.

शिबिराचा दिवस निवडताना दोन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब ओसरतं, पण तेव्हा ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सगळ्यात कमी, ओहोटी सोयीच्या वेळी येते, पण पाणी फारसं हटत नाही. म्हणून आम्ही द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरतो. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो आणि ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. ओहोटीच्या दीड तास आधी कातळावर उतरायचं आणि ओहोटी गाठली की पाऊण तासात परत फिरायचं.

परत फिरण्याची वेळ इतकी काटेकोर का, तेही मुलांना गणितातूनच कळू द्या. ओहोटी ते भरती या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे करा. पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. पहिला तास फसवा असतो, "अजून कुठे पाणी आलंय?" असं वाटतं, आणि मग मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं. दक्षिणेला गोव्याकडे जावं तसा हा फरक कमी होत जातो, पण वाट कापायला तेवढाही पुरतो. आम्ही बारा वाट्यांसाठी बारा शिंपले मांडतो आणि मुलं दर तासाला ते सरकवतात. अपूर्णांकांना घाबरणारी मुलं इथे अपूर्णांकच मांडत असतात, त्या शब्दाचं नावही न घेता.

पाण्याची भीती धरा, पण नेमकी

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याच्या एका कॉलेजचे चौदा विद्यार्थी बुडाले. ती मोठी मुलं होती. सोबत शिक्षक होते. फेब्रुवारीचा शांत समुद्र होता. कोणी हौसेने म्हणालं की "जाऊ द्या ना थोडं पाण्यात," की मला मुरुड आठवतं.

आमचे नियम असे आहेत आणि ते कोणासाठी सैल होत नाहीत. जून ते सप्टेंबर समुद्रावर नाही. त्या काळात खाडी, ओढा, डोंगर. चौदा मुलांमागे पाच प्रौढ, त्यातले दोन उत्तम पोहणारे, आणि ते दोघं शिकवण्याच्या कामात नसतात, त्यांची नजर फक्त पाण्यावर. गुडघ्याच्या वर पाणी आलं की जीवरक्षक जाकीट घातलंच पाहिजे, तेही मुलाच्या वजनाचं. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते जाकीट त्या मुलाचं नाही. मुलांच्या जोड्या लावा. दर वीस मिनिटांनी शिट्टी झाली की जोडीने हात वर करायचे. ज्याला जोडीदार दिसत नाही त्याने ओरडायचं.

पाण्याला ओढ कशी ओळखायची ते काठावरून दाखवा : दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, तिथलं पाणी गढूळ आणि गप्प दिसतं. ते शांत वाटतं म्हणून लोक तिथेच उतरतात. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, तरंगत राहा, हात वर करा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. हे वाळूवर झोपून, हातपाय पसरून नाटकासारखं करून घ्यावं. सांगून अंगात मुरत नाही.

सगळ्यांच्या पायात बंद बूट हवेत, जुने कॅनव्हासचेही चालतील. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. उथळ पाण्यात वाळूवरून पाय घासत चाला, म्हणजे वाळूत दबून बसलेला पाकट, शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच सटकतो. पाकटाचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, भाजेल इतक्या नाही, आणि तसंच दवाखान्यात न्या. काटा खोल रुतला असेल तर उपटू नका. पावसाळ्यात वाहून येणारे निळ्या फुग्यासारखे जीव वाळूवर मेलेले वाटले तरी डंख करतात. डंख झाला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढायचे. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जिवंत शंख कधीही हातात घेऊ नये, त्याचा दंश विषारी असतो. जाळ्यात आलेला समुद्रसाप मेलेला दिसला तरी लांबूनच. १०८ ची रुग्णवाहिका तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल ते आधी विचारून ठेवा, आणि स्वतःची एक गाडी तयार ठेवाच.

पहिला दिवस : काही शिकवू नका

उतावीळ स्वयंसेवकांना हे सगळ्यात अवघड जातं. पहिल्या दिवशी मुलांना नुसतं कातळावर बसू द्या. कोणी रडेल, कोणी पळत सुटेल, कोणी गाडीतून उतरणारच नाही. न उतरणाऱ्याला उतरवू नका. "आम्ही इथे आहोत, आठ वाजेपर्यंत," असं सांगा आणि आठला परत या. नाही म्हणता येतं आणि नाही म्हटल्यावर काही वाईट होत नाही, हा अनुभव त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत असतो.

दुसऱ्या दिवसापासून काम. बांबूच्या कामट्यांची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट करा, कातळावर ठेवा आणि आतलं सगळं मोजायला लावा. तीच चौकट पाण्याजवळ, मधल्या पट्ट्यात आणि वरच्या कोरड्या कातळावर, अशी तीन ठिकाणी. वर जावं तसे जीव का बदलतात, हे दोन चौकटींनंतर मुलंच सांगायला लागतात : वरच्यांना जास्त वेळ उन्हात राहावं लागतं. उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या बाजूला चिकटलेल्या जीवांना ऊन सोसत नाही. काही घरी न्यायचं नाही. प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, हेही सांगावं. कायदा आपल्याच बाजूचा आणि आपल्यापेक्षा दुबळ्यांच्या बाजूचाही असू शकतो, हे या मुलांना फार आवडतं.

आमच्याकडून झालेली एक मोठी चूक इथेच सांगते. एका खळग्यात एक छोटा खेकडा शंख बदलत होता. नव्या शंखाच्या तोंडाशी आला, नांग्यांनी आत चाचपलं, आतला वाळूचा कण बाहेर काढून टाकला, पुन्हा चाचपलं, आणि मग आपलं मऊ, उघडं, गुलाबीसर पोट जुन्या शंखातून उपसून डोळ्याचं पातं लवायच्या आत नव्यात घातलं. आठ मुलं श्वास रोखून बघत होती. आणि आमच्यातली एकजण भारावून म्हणाली, "बघा, याला पण तुमच्यासारखं घर बदलावं लागतं." एक मुलगी उठली आणि निघून गेली. दिवसभर बोलली नाही. रात्री म्हणाली, "मी खेकडा बघत होते."

तेव्हापासून आमचा नियम आहे : निसर्गातून मुलांच्या आयुष्याचे धडे काढायचे नाहीत. खेकडा खेकडाच राहू द्या. मुलांना जोडायचं असेल ते ती स्वतः जोडतील, आणि बहुधा तुम्हाला सांगणार नाहीत.

रात्र, जेवण, कपडे

शिबिर कातळावर बिघडत नाही, रात्री बिघडतं. ज्यांनी मारझोड, उपासमार, अत्याचार सोसले आहेत त्यांचं शरीर अंधारात आणि नव्या जागी सावध होतं. झोपायच्या खोलीत मंद दिवा राहू द्या. अंथरूण ओलं करणारी मुलं असतातच, मोठी मुलंही. जादा चादरी दारामागे ठेवा आणि पहिल्या रात्रीच सगळ्यांना सांगा की चादर बदलायची तर कोणाला उठवायची गरज नाही. सकाळी त्यावर एक अक्षर बोलू नका.

काही मुलं पोळ्या खिशात लपवतात. हिसकावू नका. जेवणघरात चुरमुरे-शेंगदाण्यांचा डबा दिवसरात्र उघडा ठेवा. आमच्या अनुभवात तिसऱ्या दिवसापर्यंत खिसे रिकामे व्हायला लागतात.

भिजल्यावर कपडे बदलायला प्रत्येकाला आडोसा हवा, एकेकट्याला. अंगावरचे वण दाखवायचे नसतात म्हणून मुलं पाण्यात यायला नकार देतात आणि आपण त्याला भित्रेपणा समजतो. पूर्ण बाह्यांचे शर्ट सगळ्यांनाच द्या, मग कोणी वेगळं दिसत नाही. मुलींना पाळीच्या दिवसांची व्यवस्था न मागता मिळाली पाहिजे. जाकिटाचा पट्टा आवळायचा असेल तरी आधी विचारा, "हात लावू का?" ओरडायचं फक्त एकाच कारणासाठी, जिवाला धोका असेल तेव्हा. एरवी शिट्टी. मग ओरडलात तर मुलं ऐकतात.

आणि एखाद्या मुलाने रात्री शेजारी बसून काही सांगितलं, तर ऐका. उकरू नका, "कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. "तू सांगितलंस ते बरं केलंस, आता यात मदत करू शकणाऱ्या एका माणसाला मला सांगावं लागेल," एवढं खरं खरं बोला. तो माणूस कोण, हे शिबिराआधीच ठरलेलं असावं. शक्य असेल तर समुपदेशक मुक्कामालाच असावा.

खरं काम आणि त्याचा वाटा

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून मुलांना गावाच्या कामात हात लावू द्या. माझ्या मते रापणीइतकं चांगलं काम दुसरं नाही. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात अजून रापण ओढतात. होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन रांगा ते ओढत हळूहळू जवळ येतात. दोर ओला, खरखरीत, अंगठ्याएवढा जाड. एकट्याने ओढला तर हलत नाही. सगळ्यांनी एका ठेक्यात पाय रोवले की इंच इंच सरकतो, आणि तळहातातून कळतं की पलीकडे काहीतरी जिवंत आहे. एरवी एकमेकांशी भांडणारी मुलं तासभर एका दोरावर असतात, कारण ठेका चुकला की सगळ्यांनाच ओढ बसते. तळहातांना कापडाच्या पट्ट्या बांधा, तासाभराच्या वर ठेवू नका, आणि ही मजुरी नाही हे रापणकरांशी आधी बोलून घ्या.

मासे वाळूवर आले की हात लावणाऱ्याला चार मासे मिळतात. तो वाटा मुलाचा. एक मुलगी तीन बांगडे दोन्ही हातांत घट्ट धरून उभी होती, स्वयंपाकघरात द्यायला तयार नव्हती. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या आजीने तिला चुलीपाशी बसवलं, बांगडे साफ करायला शिकवले, हळद-मीठ-तिरफळ तिच्याच हातून लावून घेतलं. कढईतून काढल्यावर त्या मुलीने तिन्हींचे तुकडे केले आणि सगळ्यांच्या ताटात वाढत सुटली. स्वतःला शेपटीकडचा तुकडा ठेवला. देता येण्यासाठी आधी आपलं काहीतरी असावं लागतं. ते तिच्याकडे त्या दिवशी होतं.

कांदळवनाची रोपवाटिका हे दुसरं काम. पावसाळ्यात कांदळाच्या हातभर लांब शेंगांसारख्या रोपांचे घोस पिकून चिखलात पडतात. त्या पिशवीतल्या चिखलात उभ्या लावल्या की पालवतात. परवानगीसाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' गटाच्या बाया होडीतून कांदळवन दाखवतात. मुलींना आवर्जून तिथे न्या. बाईच्या हातात वल्हं पाहिलेलं नसतं त्यांनी.

कासवांचं काम तिसरं, आणि त्यात एक पथ्य आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं आणि आता कोकणच्या अनेक गावांत ते चालतं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पन्नासेक दिवसांनी पिल्लं. मुलं दिवस मोजतात. पण भरती वेळेला येते तशी पिल्लं येतील याचा भरवसा नसतो, काही घरट्यांतून एकही येत नाही. हे आधी सांगितलं नाही तर ज्या मुलांचा विश्वास जोडायला आपण गेलो तिथेच तो मोडतो. आधी सांगितलं तर ती ते पेलतात, आपल्यापेक्षा बरं पेलतात.

प्रगती कशी पाहायची

आधी-नंतरच्या प्रश्नावल्या आम्ही भरून घेत असू, आता सोडल्या. मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात. त्याऐवजी प्रत्येक मुलामागे वहीचं एक पान, रोज दोन ओळी, पाहिलेलं तेवढंच : "आज दोर स्वतः गुंडाळला." "जोडीदाराला थांबवून बूट घालायला लावले." "प्रश्न विचारला, पहिल्यांदा." सहा महिन्यांनी ती पानं सलग वाचा. मुलालाही वाचू द्या, त्याची इच्छा असेल तर. ते पान त्याचं आहे.

पैशाची बाजू थोडक्यात : एसटीने जा, गावातल्या घरी उतरा, घरचं जेवण घ्या. खर्च करायचाच तर जाकिटांवर, बुटांवर आणि तांडेलाच्या मानधनावर करा. महागडी होडी, छापील टी-शर्ट, उद्घाटनाचा मंडप यांवर नको.

अठराव्या वर्षापलीकडे

बालगृहातून बाहेर पडायचं वय अठरा. अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, सोय एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते, ती मागावी लागते. ज्यांना समुद्राची गोडी लागली त्यांच्यासाठी सोळाव्या वर्षापासून वाटा शोधायला घ्या. मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रं रत्नागिरी, मालवण, अलिबाग अशा बंदरांत आहेत. तिथे नौकानयन आणि इंजिन दुरुस्ती शिकवतात. प्रवेशाच्या अटी प्रत्यक्ष जाऊन विचाराव्या. बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे. उत्तम पोहणाऱ्यांसाठी गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षकाचं प्रशिक्षण असतं. पण कागदं आधी : आधार, जन्मदाखला, जातीचा दाखला, बँकखातं. यांपैकी एक नसल्यामुळे चांगली मुलं दारातून परत आलेली मी पाहिली आहेत.

पुन्हा जाणं

एकदाच जायचं असेल तर जाऊ नका, असं मी नव्या मंडळींना स्पष्ट सांगते. वर्षात किमान चार वेळा, त्याच जागी, त्याच माणसांसोबत. स्वयंसेवक बदलणार असेल तर त्याने स्वतः येऊन निरोप घ्यायचा, परस्पर गायब व्हायचं नाही. शेवटच्या दुपारी कॅलेंडर मध्ये ठेवतो, पुढची तारीख ठरवतो, आणि मुलं त्या दिवसाची भरती-ओहोटी काढून आपापल्या वहीत लिहितात. त्याखाली आम्ही सही करतो. आजवर एकदा आमच्याकडून तारीख हुकली, पुरामुळे रस्ता बंद होता. त्या दिवशी सकाळी सातला फोन करून प्रत्येक मुलाशी वेगळं बोललो आणि नवी तारीख लगेच दिली.

आता माघ वद्य तृतीयेला निघायचं आहे. भरती सव्वादोनला, ओहोटी सकाळी साडेआठला. काठीवाला मुलगा यंदा सोळाचा झाला आहे, आणि या वेळी लहान मुलांना पाऊणपट तो शिकवणार आहे. तसं त्याने बालगृहाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.